मुंबई कायदेकौन्सिलांतील दोन ठराव आणि महाडचें तळें

महाडचें नांव निघालें कीं आमच्या वाचकांस आधीं रायगडाची वाट आठवते, मग सावित्रीचें बंदर आणि गांधारपाल्याचीं लेणीं. चवदार तळें आठवतें तें २० मार्च १९२७ या तिथीसह. आणि तें योग्यच आहे. परंतु त्या दिवशीं तळ्याकडे जे लोक चालत गेले, ते रिकाम्या हातीं गेले नव्हते. त्यांच्या बाजूस कागद होता. तो कागद मुंबईच्या कायदेकौन्सिलांत जन्मला, सरकारी दफ्तरांतून जिल्ह्यास गेला, महाडच्या नगरपालिकेच्या ठरावबुकांत उतरला आणि तेथेंच निजून राहिला. त्याचा हा प्रवास कसा झाला, वाटेंत त्याचें बळ कोठें कोठें गळत गेलें, आणि ज्या सभासदानें तो मांडला त्यानें तें गळतें कसें ओळखलें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्या सभासदाचें नांव रावबहादूर सीताराम केशव बोले. मुंबईच्या गिरणी-कामगारांत त्यांनीं दीर्घकाळ काम केलें, कामगार हितवर्धक सभेशीं त्यांचा निकट संबंध होता. दादर येथें त्यांच्या नांवाचा रस्ता आहे, आणि त्यावरून रोज जाणाऱ्या हजारोंपैकीं हे बोले कोण हें सांगूं शकतील असे फारच थोडे असतील. इतिहासग्रंथांत 'बोले ठराव' म्हणून जो उल्लेख येतो, तो त्यांच्या सन १९२३ च्या ठरावाचा. सन १९२६ मध्यें त्यांनीं जो दुसरा ठराव मांडला त्यास बहुधा एखादी ओळ मिळते, पुष्कळदां तीही नाहीं. आमचें मत असें आहे कीं, सरकारास जाब विचारण्याची कला शिकावयाची असेल तर दुसराच ठराव अधिक बारकाईनें पाहिला पाहिजे.

येथें एक गोष्ट बोलून टाकतों. आम्हां संग्राहकांस मोडीचा चिटोरा मिळाला तर आनंद होतो. कौन्सिलाच्या छापील वृत्तांतांचीं बाडें मात्र आम्ही रद्दींत जाऊं देतों. छापलेलें तें दुर्मिळ नसतें ही समजूत चुकीची आहे. शंभर वर्षांपूर्वीचा सरकारी ठराव मूळ शब्दांनिशीं पाहावयाचा म्हटला तर कधीं कधीं पेशवे दफ्तरांतील रुमालाइतकाच शोध करावा लागतो.

प्रथम सभासदाच्या हातीं साधनें कोणतीं होतीं तें पाहूं. सन १८६१ च्या कायद्यानें झालेल्या प्रांतिक कौन्सिलास कायदे करण्यापलीकडे काम नव्हतें. सभासदास साधा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. सन १८९२ च्या कायद्यानें प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. मात्र उत्तर कितीही अपुरें असलें तरी त्यावर उपप्रश्न करतां येत नसे. तो अधिकार सन १९०९ च्या सुधारणांनीं दिला, आणि सार्वजनिक हिताच्या बाबींवर ठराव मांडण्याचा अधिकारही त्याच वेळीं आला. सन १९१९ च्या कायद्यानें निवडलेल्या सभासदांचें बहुमत झालें, खात्यांची राखीव व सोपीव अशी वांटणी झाली, आणि सरकारच्या खर्चाच्या मागण्या कौन्सिलापुढें मंजुरीस येऊं लागल्या. स्थानिक स्वराज्य हें सोपीव खातें होतें. म्हणजे त्याचा मंत्री कौन्सिलास जबाबदार. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सारी कथा या एका गोष्टीवर फिरते. तथापि ठराव हा अखेर शिफारसच. तो संमत झाला तरी सरकारवर बंधनकारक नसे.

सन १९०१ सालीं जमीनमहसुलाच्या दुरुस्ती विधेयकावर फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृति सभासद कौन्सिलांतून उठून गेले, तो प्रसंग सर्वांच्या स्मरणांत आहे. उठून जाणें लोकांच्या डोळ्यांत भरतें. पुन्हां येऊन बसणें आणि मागल्या ठरावाचें काय झालें तें विचारणें, हें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं.

कौन्सिलांत लोकांचा कोणी बोलणारा नसतां काय होई, याचें एक उदाहरण देतों. सन १८५६ सालीं धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारनें न्याय मुलाच्या बाजूस आहे असें मानलें, पण इतर मुलांच्या पालकांचा रोष पत्करून त्यास शाळेंत घालण्यास नकार दिला. पुढें हिंदुस्थान सरकारनें आणि विलायतेंतील डायरेक्टरांनीं या धोरणाविषयीं नापसंती दाखविली. सरकारी शाळा सर्व वर्गांसाठीं आहेत हें तत्त्व सन १८५८ मध्यें लिहूनही आलें. कागद कलकत्त्यास गेला, लंडनला गेला, परत आला. तत्त्व मान्य, अंमल नाहीं, ही जोडी तेव्हांपासूनची आहे. सरकारी कागदांत पुढें ती अनेक वेषांनीं भेटते.

आतां मुख्य ठरावाकडे वळूं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कौन्सिलानें बोले यांचा ठराव संमत केला. त्याचा आशय असा : जे सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा सार्वजनिक पैशांतून बांधल्या व राखल्या जातात, किंवा सरकारनें नेमलेल्या अथवा कायद्यानें निर्माण झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालीं आहेत, त्यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गांस करूं द्यावा, तसाच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, कचेऱ्या व दवाखाने यांचाही.

या ठरावाची रचना पाहण्यासारखी आहे. त्यांत धर्माचें नांव नाहीं, शास्त्राचें नाहीं, दयेचेंही नाहीं. स्पर्शास्पर्शाचा वाद एकदां स्मृतिवचनांच्या मैदानांत गेला म्हणजे तो कोणासच जिंकतां येत नाहीं. आम्ही आयुष्यभर त्याच ग्रंथांत वावरलों आहों, तेव्हां हें आम्ही अनुभवानें सांगतों. बोले यांनीं तो वाद शास्त्राच्या पोथींतून काढून जमाखर्चाच्या वहींत आणला. पैसा कोणाचा? सर्वांचा. मग पाणी कोणाचें? कसोटी एवढीच. ज्यास हा ठराव खोडून काढावयाचा असेल त्यास एकतर पैसा सार्वजनिक नाहीं असें म्हणावें लागे, किंवा अमका वर्ग जनतेंत मोडत नाहीं असें उघड म्हणावें लागे. दोन्ही गोष्टी कौन्सिलांत उभें राहून बोलण्यास अवघड.

सरकारचा हुकूम अडतीस दिवसांनीं, ११ सप्टेंबर १९२३ रोजीं निघाला. वरवर पाहतां ठराव स्वीकारला गेला. पण हुकुमाचे दोन भाग आहेत, आणि त्यांतील क्रियापदें निरनिराळीं आहेत. पहिल्या भागांत सर्व खात्यांच्या मुख्यांस आज्ञा केली आहे कीं, सरकारच्या मालकीच्या व सरकार राखीत असलेल्या स्थळांपुरता ठराव अमलांत आणावा. दुसऱ्या भागांत कलेक्टरांस सांगितलें आहे तें असें : आपल्या हद्दींतील स्थानिक संस्थांस सल्ला द्यावा कीं, ही शिफारस आपल्यापुरती मान्य करणें इष्ट आहे किंवा कसें याचा त्यांनीं विचार करावा.

वाचकांनीं हें दुसरें वाक्य पुन्हां एकदां सावकाश वाचावें. कलेक्टरानें पाणी खुलें करावयाचें नाहीं. खुलें करा असें सांगावयाचेंही नाहीं. सल्ला द्यावयाचा, आणि तो सल्ला खुलें करण्याचा नव्हे, विचार करण्याचा, आणि विचारही करण्या-न करण्याचा नव्हे, इष्टतेचा. मीमांसक ज्यास विधि म्हणतात त्याचा येथें लवलेश नाहीं. हा शुद्ध अर्थवाद आहे. खेड्यांतील व लहान शहरांतील बहुतेक विहिरी व तळीं लोकलबोर्डांच्या वा नगरपालिकांच्या ताब्यांत असल्यामुळें ज्या पाण्यासाठीं ठराव झाला तें पाणी जवळजवळ सगळें या दुसऱ्या भागांत पडलें. दैवयोग असा कीं, त्याच सालच्या मुंबई प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभारही स्थानिक संस्थांकडे सोंपविण्याची तजवीज झाली. पाण्यामागून शाळाही आज्ञेच्या बाजूकडून सल्ल्याच्या बाजूस सरकूं लागल्या.

क्रियापदांवर एवढा भर देणें हें मास्तरी खूळ आहे असें कोणी म्हणेल. आमचा एक अनुभव सांगतों. सन १९८३ च्या सुमारास आम्ही एका तालुक्याच्या गांवीं नव्यानें नोकरीस लागलों. शाळेचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें पाण्याचे दोन माठ होते, आणि दुसरा माठ कोणासाठीं हें कोणी बोलत नसे. मुलांस तें ठाऊक होतें. आम्हीं तक्रार केली तेव्हां वरिष्ठांनीं शिपायास लेखी सूचना दिली कीं, 'शक्य तों' एकच माठ ठेवावा. ती सूचना वर्षभर भिंतीवर होती आणि दोन्ही माठही वर्षभर जागच्या जागीं होते. पुढें आम्हीं वर्गांत विध्यर्थ शिकविला तेव्हां हें उदाहरण पुष्कळदां दिलें. माठ मात्र त्या वर्षीं आमच्यानें हलले नाहींत, हेंही येथें नमूद करणें भाग आहे.

महाडकडे येऊं. महाडच्या नगरपालिकेनें सरकारी सल्ल्याचा विचार केला आणि ५ जानेवारी १९२४ रोजीं चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. ही तिच्या श्रेयाची गोष्ट आहे, आणि ती विसरली जाऊं नये. पण ठरावानंतर तळ्यावर कांहींच बदललें नाहीं. स्पृश्य वस्तीच्या विरोधापुढें ठराव अमलांत आणण्याचें काम नगरपालिकेनें अंगावर घेतलें नाहीं. असें सांगणारा मनुष्य कौन्सिलांत उभा राहिला असता तर मंत्र्याचें उत्तर तयार होतें : सरकारनें हुकूम काढला, कलेक्टरानें सल्ला दिला, नगरपालिकेनें ठराव केला. प्रत्येकाची वही पुरी झाली. तहानलेल्या मनुष्याची घागर कोणाच्याच वहींत नव्हती.

त्यावर सरकारास आणखी एक ढाल होती, आणि ती सुंदर होती. लॉर्ड रिपन यांच्या सन १८८२ च्या ठरावापासून स्थानिक संस्थांनीं आपला कारभार आपण पाहावा, सरकारनें त्यांत हात घालूं नये, हें सुधारणेचें लक्षण मानलें गेलें होतें. तेंच तत्त्व आतां विहिरीच्या कांठीं उभें करतां येत होतें. स्थानिक स्वराज्यावर घाला घालावा असें लोकपक्षाचा सभासद कोणत्या तोंडानें म्हणणार?

बोले यांनीं तसें म्हटलें नाहीं. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं त्यांनीं कौन्सिलापुढें जो ठराव आणला त्याचा आशय असा कीं, ज्या नगरपालिका व लोकलबोर्डें पूर्वीचा ठराव अमलांत आणण्याचें नाकारतात त्यांस सरकारनें अनुदान देऊं नये. संस्थेचें स्वातंत्र्य तिचें तिच्याकडे राहो. पण प्रांताच्या तिजोरींतील पैसा प्रांताचा आहे, आणि त्याच्या मागण्या याच सभागृहांत मंजूर होतात. तुम्ही विचार करण्यास स्वतंत्र; आम्हीही देण्या-न देण्यास स्वतंत्र. तीन वर्षांपूर्वीं जी कसोटी पाण्यास लावली होती तीच आतां पाणी अडविणाऱ्यास लावली.

मीमांसाशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर कोणत्याही भावनेस तीन आकांक्षा असतात : काय साधावयाचें, कशानें साधावयाचें, आणि कोणत्या रीतीनें. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. सन १९२३ च्या ठरावांत साध्य होतें. साधनाची जागा सरकारनें सल्ल्यानें भरून काढली होती, म्हणजे रिकामीच ठेविली होती. सन १९२६ चा ठराव हा साधनाचा ठराव आहे. पहिल्या ठरावाची तो पुनरुक्ति नव्हे. पहिला ठराव लोकांपुढें तत्त्व मांडतो. दुसरा मंत्र्यास विचारतो कीं, मागच्या खेपेस दिलेल्या शब्दाचें काय झालें, आणि आतां या शब्दामागें तुम्ही काय ठेवणार. सरकारच्या हुकुमांतील कोणता सांधा निखळला आहे हें ओळखून नेमक्या त्याच सांध्यावर बोट ठेवणें हें काम वक्तृत्वाचें नाहीं. त्यास हुकूम वाचावा लागतो, तीन वर्षें त्याचा पाठलाग करावा लागतो, आणि पहिल्या दिवसाच्या टाळ्या विसराव्या लागतात.

मात्र कौन्सिलांतील सभासदाचा हात कोठवर पोंचतो याची मर्यादाही महाडनेंच दाखविली. १९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. बाबासाहेब त्याच सुमारास कौन्सिलाचे सरकारनियुक्त सभासद झाले होते. परिषदेच्या शेवटीं अनंतराव चित्रे यांनीं नगरपालिकेच्या ठरावाची आठवण दिली, आणि तो आजच अमलांत आणावा असें सुचविलें. मग मंडळी शांतपणें तळ्यावर गेली व पाणी प्याली. त्यानंतर देवळांत शिरण्याची खोटी आवई उठून परतणाऱ्या लोकांस जी मारहाण झाली, आणि पंचगव्याच्या एकशें आठ घागरींनीं तळ्याची जी 'शुद्धि' झाली, ती सर्वश्रुत आहे. आम्हांस येथें लक्षांत आणून द्यावयाचें तें एवढेंच कीं, हे लोक कायदा मोडावयास गेले नव्हते. सरकारच्या सल्ल्यानें झालेला, तीन वर्षें पडून राहिलेला ठराव त्यांनीं आपल्या ओंजळीनें अमलांत आणला. इतिकर्तव्यता ती हीच.

त्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला सन १९२४ चा ठराव रद्द केला. रद्द केल्याची तारीख ४ ऑगस्ट १९२७, म्हणजे कौन्सिलानें बोले यांचा पहिला ठराव संमत केल्यास बरोबर चार वर्षें झालीं तो दिवस. हा योगायोग असेल. पण कालानुक्रम लावीत बसणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हातून तो सुटत नाहीं. 'विचार करावा' या सल्ल्याचा अर्थच असा कीं, पुन्हां विचार करून उलटही ठरवितां येतें.

डिसेंबरांत सत्याग्रहाचा बेत ठरला तेव्हां स्पृश्यांपैकीं कांहींनीं महाडच्या दिवाणी न्यायालयांत दावा लावला, आणि १४ डिसेंबर १९२७ रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ तारखेस परिषद भरली, मनुस्मृतीचें दहन झालें. पण तळ्यावर जाण्याचें न्यायालयाचा मान राखून तहकूब केलें. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः परिषदेंत आले व मनाईहुकूम मोडूं नये असें सांगून गेले. ज्या अधिकाऱ्याच्या पदाकडे सन १९२३ मध्यें नगरपालिकेस सल्ला देण्याचें काम आलें होतें, त्याच पदावरील अधिकारी चार वर्षांनीं पाणी मागणाऱ्यांस सल्ला देत उभा होता.

दाव्याची हकीकत आमच्या वाचकांस विशेष मनोरंजक वाटावी, कारण तो मूळांत पुराव्याचा वाद होता. वादींचें म्हणणें असें कीं, तळें अनादि वहिवाटीनें स्पृश्यांचें आहे. अनादि वहिवाट म्हणजे काय, ती किती मागें नेऊन दाखवावी लागते, आणि नगरपालिकेच्या कारकीर्दींतील चालरीतीवरून त्याआधींच्या काळाचें अनुमान बांधतां येतें काय, हे प्रश्न आम्ही या पृष्ठांतून नेहमीं चर्चितों. येथें ते न्यायाधीशांपुढें आले. महाडच्या न्यायालयानें ८ जून १९३१ रोजीं, ठाण्याच्या न्यायालयानें ३० जानेवारी १९३३ रोजीं आणि मुंबई उच्च न्यायालयानें १७ मार्च १९३७ रोजीं प्रतिवादींच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति ब्रूमफील्ड यांच्या निकालाचें सार हें कीं, वादींनीं सांगितलेली अनादि वहिवाट शाबीत झाली नाहीं. ती शाबीत झाली असती तर मग ती न्याय्य आहे कीं नाहीं हें पाहण्याची पाळी आली असती. 'पूर्वीपासून असेंच आहे' हें वाक्य या देशांत फार चालतें. पूर्वीपासून म्हणजे केव्हांपासून, असें कोणी शपथेवर विचारलें म्हणजे त्याची काय गत होते याचा हा निकाल नमुना आहे.

पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत साडेतेरा वर्षें गेलीं. त्या अवधींत जन्मलेलें मूल शाळेंतून बाहेर पडण्याच्या वयास आलें असेल.

शेवटीं एक पाठसाम्य नोंदवितों. भारताच्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडांत विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इत्यादि जीं स्थळें पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशांतून राखलीं जातात अथवा सर्व जनतेच्या उपयोगासाठीं समर्पित आहेत, त्यांच्या वापरास धर्म, जात इत्यादि कारणांवरून कोणासही अडथळा असूं नये असें सांगितलें आहे. सन १९२३ च्या ठरावाशेजारीं हें कलम ठेवून पाहावें. पाण्याची यादी, आणि तिच्यापुढें पैशाची कसोटी, ही बांधणी तीच आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष चवदार तळ्याच्या दाव्यांतील प्रतिवादी होते, हें सांगावयास नको. एकाचा दुसऱ्यावर प्रत्यक्ष परिणाम झाला असें आम्ही म्हणत नाहीं. प्रतींचें साम्य दाखविणें आणि वंशवृक्ष ठरविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पण क्रियापद आतां बदललें आहे. येथें सल्ला नाहीं, इष्टता नाहीं.

महाडखेरीज इतर गांवच्या नगरपालिकांनीं व लोकलबोर्डांनीं ११ सप्टेंबर १९२३ च्या हुकुमावर काय केलें, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. त्या वर्षांचीं ठरावबुकें, कलेक्टर-कचेऱ्यांतून आलेल्या पत्रांच्या नकला, किंवा विहिरीवर लावलेल्या जाहिराती ज्यांच्या घरीं वा गांवच्या कपाटांत असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. मूळ कागद मालकांस परत केले जातील. पाठवितांना मजकुराचें भाषांतर अथवा सारांश करूं नये. क्रियापदें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं.